जुन्या जीपगाडीचा तळ : गंज, सांधे व निचरा

पाणथळ जमिनींत कितीहि उत्तम बीं टाकलें व वरून कितीहि खत घातलें, तरी पीक हातीं लागत नाहीं. कारण मुळाशीं पाणी तुंबलेलें असतें. अशा जमिनीची सुधारणा चर खणून निचरा करण्यापासून सुरू होते, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाहीं. परंतु हाच शेतकरी घरच्या जुन्या जीपगाडीचा तळ कुजूं लागला म्हणजे निचऱ्याचा विचार न करतां भोंकावर पत्रा ठोकतो, त्यावर डांबराचा जाड थर देतो आणि काम झालें असें समजतो. दोन पावसाळे गेले कीं तोच तळ पुन्हां पायाखालीं दबूं लागतो. असें कां होतें, आणि तें टाळण्यास दुरुस्तीचा क्रम कसा असावा, हें सांगणें हा या लेखाचा उद्देश आहे.

ही चूक प्रस्तुत लेखकानेंहि केलेली आहे. मृगापूर्वीं घाईनें गंजलेल्या पत्र्यावरच डांबर फांसलें. तळ काळाभोर व चकचकीत दिसूं लागला व समाधान वाटलें. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत गाडींतून उतरतांना टांच पत्र्यांतून आरपार गेली. पुढें भर चैत्रांत तें डांबर खरवडून काढलें, तेव्हां त्याच्या खालचा भाग ओला होता. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा तळ आंतून वर्षभर पाण्यांत भिजत होता. डांबरानें पाणी बाहेर ठेवलें नव्हतें, तें आंत कोंडलें होतें. या एका अनुभवांत पुढील सर्व विवेचनाचें सार आहे.

जीपगाडी व तिचा तळ

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलीज व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धानंतर मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीज गाड्यांची जोडणी व पुढें उत्पादन चालू केलें. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेला उंच बॉनेटचा सीजे-३बी हा नमुना आपल्याकडे दीर्घकाळ होत राहिला. उसाच्या फडापर्यंत जाणारी, चिखलांतून निघणारी व गांवांतील मिस्त्रीच्या हातांस साधणारी ही गाडी अनेक शेतकरी घराण्यांत आजहि आहे. कोणी ती कामासाठीं ठेवतो, कोणी वडिलांची आठवण म्हणून पुन्हां मूळ रूपास आणूं पाहतो.

या गाडीची रचना दोन भागांची आहे. खालीं चासीचा जाड लोखंडी सांगाडा व त्यावर बोल्टांनीं बसविलेली पातळ पत्र्याची बॉडी. तळाचा पत्रा साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा असतो. तो ताठ राहावा म्हणून त्याच्या खालच्या अंगास टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. आपण त्यांस पन्हळी म्हणूं. युद्धकाळच्या गाड्यांत यांतील कांहीं पन्हळींत लाकडी पट्ट्याहि बसविलेल्या असत, आणि भिजलेलें लाकूड लोखंडास किती घातक होतें हें निराळें सांगावयास नको. बैठकी याच तळावर बोल्टांनीं बसविलेल्या असतात. तेव्हां तळ कुजला म्हणजे केवळ गाडीचें रूप गेलें असें नव्हे. खाचखळग्यांत गाडी आदळली असतां बैठक माणसासकट उखडण्याचा तो धोका आहे.

आजच्या मोटारींचे पत्रे बहुधा जस्ताचा लेप दिलेले असतात. जुन्या जीपचा पत्रा साध्या लोखंडाचा आहे. त्याचें सर्व संरक्षण रंगावर, सांध्यांच्या लांबीवर व मालकाच्या निगेवर अवलंबून असतें.

गंजाचें मूळ

लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गंज तयार होतो. यांपैकीं एक जरी दूर केलें तरी क्रिया थांबते. कोरड्या हवेंत लोखंड वर्षानुवर्षें टिकतें. परंतु हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या आसपास पोंचली कीं गंजण्याचा वेग वाढूं लागतो, आणि पावसाळ्यांत कोकणपट्टींत ती शेंकडा ८० च्याहि वर असते. पाण्यांत क्षार विरघळलेले असतील तर हा वेग आणखी वाढतो. याचें कारण, गंजणें ही मुळांत विजेची क्रिया आहे. पत्र्याचा एक भाग विद्युत्घटाच्या एका टोंकासारखा वागतो, दुसरा भाग दुसऱ्या टोंकासारखा. मधील पाणी वीज वाहून नेतें, आणि खारें पाणी ती अधिक सुलभतेनें वाहून नेतें.

केंब्रिज येथील शास्त्रज्ञ इव्हान्स यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक साधा प्रयोग करून दाखविला. स्वच्छ लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला असतां त्याच्या कडेस प्राणवायु भरपूर पोंचतो व मध्यभागीं कमी पोंचतो. जेथें हवा अधिक तेथें लोखंड अधिक खाल्लें जाईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत उलट घडतें. मध्यभागचें, म्हणजे हवा कमी मिळणारें लोखंड विरघळतें व खड्डा पडतो. ही एक गोष्ट ध्यानीं धरली म्हणजे तळाच्या सर्व रोगाचा उलगडा होतो. तळावर साचलेला चिखल, ओली चटई, सुटलेल्या डांबराचा पापुद्रा आणि एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांमधील फट हीं सर्व ठिकाणें ओलीं पण कोंदट असतात. आणि पत्रा तेथेंच प्रथम आरपार जातो. उघडा, वाऱ्यावर असलेला पत्रा तांबूस दिसतो, पण पुष्कळ दिवस टिकतो.

गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतें. म्हणून सांध्यांत शिरलेला गंज पाचरीसारखा काम करतो. दोन पत्रे एकमेकांपासून फांकवितो, वरील रंग उचलतो आणि पाण्यास नवी वाट करून देतो.

शेतावरील गाडीस आणखी एक भय आहे. तें खताच्या पोत्यांचें. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. रसायनदृष्ट्या तो खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ आहे. अमोनियम सल्फेटहि क्षारच. सांडलेलीं खतें हवेंतील ओल शोषून घेतात व पत्र्याच्या कोपऱ्यांत खारट चिकचिक करून ठेवतात. शेणखत व गुरांचें मूत्र यांचाहि परिणाम असाच वाईट. समुद्रकांठच्या शेतकऱ्यास खारी हवा त्यांत अधिक.

तपासणी कशी करावी

प्रथम बैठकी, चटया व तळावरील सर्व सामान काढावें. विलीज व त्या घराण्याच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं असते. ती आधीं उतरवून गाडीपासून दूर, मोकळ्या जागीं न्यावी. रिकामी टांकी निर्धास्त असा समज कोणी करून घेऊं नये. तींत उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टांकीपेक्षां अधिक स्फोटक असते. बॅटरीच्या ताराहि सोडून ठेवाव्या. एवढें झाल्यावांचून ग्राइंडर किंवा वेल्डिंगचें यंत्र गाडीजवळ आणूं नये.

नंतर तळ पाण्यानें धुवून पूर्ण वाळूं द्यावा व लहान हातोडीनें वीत-वीत अंतरावर ठोकून पाहावा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजका पत्रा मडक्यासारखा बद्द वाजतो. जेथें शंका येईल तेथें जाड दाभण किंवा पेंचकस दाबावा. टोंक आंत गेलें तर तेथील पत्रा गेला असें समजावें. पुढील जागा विशेष लक्षपूर्वक पाहाव्या :

(१) चालकाच्या व शेजारच्या माणसाच्या पायाखालील भाग, विशेषतः पुढील चढता पत्रा जेथें तळास मिळतो तो सांधा.
(२) पेट्रोलच्या टांकीखालचा खोलगट भाग. येथें पाणी साचतें व टांकी उतरविल्याशिवाय दिसत नाहीं.
(३) प्रत्येक पन्हळीच्या दोन्ही कडा. वरून पत्र्यावर सरळ रेषेंत फोड दिसले तर खालची पन्हळ आंतून कुजत आहे असें समजावें.
(४) बाजूच्या भिंती व तळ यांचा सांधा, मागील कोपरे आणि हत्यारांच्या पेट्यांचे तळ.
(५) बॉडी ज्या बोल्टांनीं चासीस बसविली आहे त्यांच्या सभोंवतालचा भाग. येथील गादी पाणी धरून ठेवते.

सांपडलेली प्रत्येक कुजकी जागा खडूनें आंखून ठेवावी. आंखलेल्या जागेपेक्षां प्रत्यक्ष नुकसान नेहमीं दोन बोटें अधिक निघतें, हा हिशेब मनांत धरावा.

कुजका भाग कापणें व नवा पत्रा जोडणें

भोंकावर वरून ठिगळ ठोकणें हा सर्वांत प्रचलित व सर्वांत वाईट मार्ग होय. जुना कुजका पत्रा खालीं तसाच राहतो, त्यावर नवा पत्रा बसतो, आणि दोहोंमध्यें तीच ओली कोंदट फट तयार होते. आपण पैसे खर्चून रोगास घर बांधून देतो. तळांतील भोंकें पुट्टीनें किंवा काथ्या-रेझिननें बुजविणें हेंहि तसेंच. त्यास बळ नसतें व त्याच्या कडेनें पाणी शिरतें.

कुजका भाग निरोगी, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढावा. त्यापूर्वीं एक काळजी घ्यावी. जीपच्या बॉडीस दोन्ही बाजूंस दारांच्या मोकळ्या खांचा असल्यानें तळ कापला कीं ती वांकण्याचा संभव असतो. म्हणून खांचांत आडव्या लोखंडी नळ्या टांका मारून बसवाव्या, आणि एका वेळीं एकाच बाजूचा तळ काढावा. तो पुरा जोडून झाल्यावरच दुसऱ्या बाजूस हात लावावा.

नवा पत्रा मूळ जाडीचाच घ्यावा. फार जाड पत्रा घेतल्यानें गाडी बळकट होत नाहीं. जाड व पातळ यांच्या सांध्यावर ताण येऊन तेथें तडा जातो. कड कडेस लावून जोडणें उत्तम, कारण त्यांत फट राहत नाहीं. जेथें पत्रा पत्र्यावर ठेवणें अपरिहार्य आहे, उदाहरणार्थ पन्हळीच्या कडांवर, तेथें जोडण्यापूर्वीं दोन्ही आंतील पृष्ठांस वेल्डिंग सोसणारें जस्तयुक्त अस्तर लावावें. एकदां जोडल्यावर त्या फटींत ब्रश जाणार नाहीं.

पातळ पत्र्यास मिग पद्धतीचें वेल्डिंग चांगलें. गॅसच्या ज्योतीनें पत्रा फार तापून लहरी पडतात. तेंहि सलग ओढूं नये. एक टांका येथें, दुसरा हातभर दूर, तिसरा मध्यें, अशा रीतीनें पत्र्यास थंड होण्यास अवधि देत सांधा भरून काढावा. जस्ती पत्र्यावर वेल्डिंग करावयाचें झाल्यास सांध्यालगतचें जस्त आधीं घांसून काढावें. त्याच्या धुरानें कारागिरास हींव भरून ताप येतो.

पत्रा स्वच्छ करणें

गंजावर लावलेला रंग म्हणजे भुसभुशीत भिंतीवर दिलेला चुना. पोपडा जेव्हां पडतो तेव्हां रंगास घेऊन पडतो. म्हणून सर्व कामांतील निम्मा वेळ स्वच्छतेस द्यावा.

सुटा गंज तारेच्या ब्रशानें व ग्राइंडरवरील तारेच्या चाकानें काढावा. जुन्या गाड्यांच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. शेंदूर, जो पूर्वीं लोखंडाचें अस्तर म्हणून सर्रास वापरीत, तो शिशाचाच प्राणिद आहे. यास्तव जुना रंग कोरडा घांसून धूळ उडवूं नये. तो पाण्यानें ओला ठेवून घांसावा, तोंडास चांगला मुखपट्टा बांधावा व जवळ मुलांस येऊं देऊं नये. वाळूचा मारा करून पत्रा साफ करवून घ्यावयाचा असेल तर साध्या नदीच्या वाळूस साफ नकार द्यावा. तिच्या धुळीनें फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. गार्नेटची भुकटी वापरणाऱ्या कारागिराकडे जावें, आणि पातळ पत्र्यावर दाब कमी ठेवण्यास सांगावें, नाहींतर पत्रा फुगतो.

खड्ड्यांत रुतलेला गंज यंत्रानें निघत नाहीं. त्यासाठीं फॉस्फोरिक आम्ल असलेलें गंजनाशक मिळतें. तें उरलेल्या गंजाचें व पृष्ठावरील लोखंडाचें फॉस्फेटमध्यें रूपांतर करतें व रंगास पकड देतें. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत कॉस्लेट यांनीं लोखंडास फॉस्फेटचा थर देण्याच्या कृतीचें पेटंट १९०६ च्या सुमारास घेतलें. दुसऱ्या जातीचें द्रव्य टॅनिनचें. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातला असतां काळी शाई होते, हें जुन्या पिढीस ठाऊक आहे. टॅनिनयुक्त द्रव्य गंजावर लावलें म्हणजे तसाच निळसर काळा, न विरघळणारा थर तयार होतो. मात्र ही दोन्ही द्रव्यें पातळ, घट्ट धरलेल्या गंजासाठीं आहेत. पापुद्रे सुटलेल्या गंजावर तीं लावणें म्हणजे मुळाशीं कीड असतां पानांवर औषध फवारणें होय. आम्ल हातमोजे घालून लावावें आणि डबीवर सांगितल्याप्रमाणें नंतर धुवून काढून पत्रा पूर्ण वाळवावा. आम्लाचा अंश राहिला तर त्यावरील एपॉक्सी अस्तर नीट धरत नाहीं.

अस्तर, सांधेबंदी व रंग : यांचा क्रम

उघडा केलेला पत्रा एक रात्रहि तसाच ठेवूं नये. दमट हवेंत सकाळपर्यंत त्यावर पिवळट झांक येते. त्याच दिवशीं तेलकटपणा थिनरनें पुसून अस्तर द्यावें. फाटकास लावतों तें साधें रेड ऑक्साइड तळास पुरेसें नाहीं. तें सच्छिद्र असून वरील रंगाशिवाय ओल आंत जाऊं देतें. येथें दोन डब्यांचें एपॉक्सी अस्तर घ्यावें, डब्यावरील प्रमाणानें मोजून मिसळावें, आणि एक जाड हात देण्याऐवजीं दोन पातळ हात द्यावे. कडा व वेल्डिंगचे टांके यांवर रंग पातळ बसतो. तेथें आधीं ब्रशानें एक निराळा हात फिरवावा.

जस्तयुक्त अस्तराचें तत्त्व निराळें आहे. १८२४ सालीं हंफ्री डेव्ही यांनीं ब्रिटिश आरमाराच्या गलबतांवरील तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांबें वांचवितां येतें हें दाखविलें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यांनीं लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि आपल्या छपरांवरील जस्ती पत्रा त्यांतूनच आला. जस्त स्वतः झिजतें व लोखंडास राखतें. परंतु यासाठीं जस्ताचा लोखंडाशीं प्रत्यक्ष स्पर्श हवा. म्हणून जस्तयुक्त अस्तर स्वच्छ, उघड्या लोखंडावरच द्यावें. गंजावर किंवा जुन्या रंगावर दिल्यास तो खर्च वायां जातो.

रंगाच्या दिवशीं हवा पाहावी. पत्र्याचें तपमान दंवबिंदूपेक्षां निदान ३ अंश सेल्सिअसनें अधिक असावें, असा कारखान्यांतील नियम आहे. नाहींतर डोळ्यांस न दिसणारें दंव पत्र्यावर धरतें व रंग त्यावर बसतो. आपल्याकडे या कामास दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम, आणि दिवसांत ऊन चढल्यावर दुपारपर्यंतची वेळ. सूर्यास्तानंतर रंग देऊं नये.

अस्तर वाळल्यावर सांधे बंद करावे. सांधेबंदी अस्तरावर करावयाची, उघड्या पत्र्यावर नव्हे. त्यासाठीं मोटारकामाचें पॉलियुरेथेन सीलंट घ्यावें. तें वाळल्यावरहि रबरासारखें लवचीक राहतें, व गाडी हादरली तरी तडकत नाहीं. न्हाणीघराच्या कामाचें, शिरक्यासारखा वास येणारें सिलिकॉन येथें चालत नाहीं. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो. तें लोखंडास खातें, आणि सिलिकॉनवर पुढें रंगहि धरत नाहीं. सीलंटची बारीक रेघ सांध्यावर ओढून बोटानें किंवा ब्रशानें फटींत दाबून बसवावी. नंतर वरून रंगाचे हात व खालच्या अंगास दगडमातीचा मारा सोसणारा रबरी जातीचा लेप द्यावा.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. सांधे बंद करावे, पण निचऱ्याचीं भोंकें बंद करूं नयेत. जीपला कापडी छप्पर असतें. तळांत पाणी येणारच. पाणी येऊंच नये हा हट्ट व्यर्थ आहे. आलेलें पाणी लौकर निघून जावें, हें साध्य आहे. टांकीखालचा खोलगट भाग, पायाखालील सखल जागा व मागील कोपरे येथें मूळ भोंकें असतात. तीं मोकळीं करावीं, त्यांच्या कडांस आंतूनहि रंग पोंचवावा आणि पावसाळ्यांत त्यांचीं बुचें काढून ठेवावीं. खालच्या पन्हळींचीं सखल टोंकें लेपानें बुजलीं असतील तर दाभणानें मोकळीं करावीं. तीं बुजविणें म्हणजे शेताच्या चराच्या तोंडाशीं बांध घालणें होय.

पन्हळींचा आंतील भाग

पन्हळी व पेट्या यांच्या पोकळींत ब्रश पोंचत नाहीं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनें तेथील रंग जळालेला असतो. गाडी वरून नवी दिसत असतां आंतून कुजते ती येथूनच. यास उपाय म्हणजे पोकळींत मेणाचें द्रावण फवारणें. अशीं मेणें मोटारीच्या सामानाच्या दुकानीं मिळतात; लांब नळीनें तीं आंत सोडावीं. तीं पातळपणें फटींत झिरपतात, नंतर घट्ट होतात पण कडक होत नाहींत, त्यामुळें तडे जात नाहींत. हें काम सर्वांत शेवटीं, रंग पूर्ण वाळल्यावर करावें. कारण मेण लागलेल्या जागीं पुढें रंग बसत नाहीं व वेल्डिंग केल्यास तें पेट घेतें. वर्षा-दोन वर्षांनीं पुन्हां फवारावें.

डांबर व जळकें तेल

डांबर स्वभावतः वाईट नाहीं. स्वच्छ व अस्तर दिलेल्या पत्र्यावर तें कांहीं काळ चांगलें काम देतें. परंतु थंडीनें तें कडक होतें, खडी लागून त्यास केसाएवढी चीर पडते, आणि त्या चिरेंतून शिरलेलें पाणी पापुद्र्याखालीं पसरून तेथेंच राहतें. वरून कांहींच दिसत नाहीं. गंजावर फांसलेलें डांबर तर पहिल्या दिवसापासूनच असा पापुद्रा असतो.

इंजिनांतून काढलेलें जळकें तेल तळास फांसण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. तें फुकट मिळतें एवढाच त्याचा गुण. त्यानें रबरी गाद्या व नळ्या फुगून खराब होतात, तें कातडीस लागत राहिल्यास कर्करोगाचें भय असतें, आणि पहिल्याच पावसांत धुवून निघालेलें तेल आपल्याच शेतांत व विहिरींत जातें. जमीन राखणाऱ्यानें हा मार्ग धरूं नये.

वार्षिक निगा

तळाची दुरुस्ती एकदां करून भागत नाहीं. पिकाप्रमाणें त्याचीहि पाळी ठरलेली असावी.

(१) मृगापूर्वीं : चटया काढाव्या, निचऱ्याचीं भोंकें तारेनें साफ करावीं, बुचें काढावीं.
(२) पावसाळ्यांत : जाड गालिचा किंवा फोमचें अस्तर तळावर ठेवूं नये, रबरी चटई असल्यास मुक्कामीं उचलून उभी करावी. गाडी ओली असतां बंद ताडपत्रींत गुंडाळूं नये. छपराखालीं, वारा लागेल अशी ठेवावी.
(३) खत, शेणखत किंवा गुरें वाहिल्यावर : त्याच दिवशीं तळ वरून व खालून गोड्या पाण्यानें धुवावा. किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर तेंच करावें.
(४) दिवाळीनंतर : बैठकी काढून हातोडीनें ठोकून तपासणी करावी, रंगाचे टवके उडालेले दिसतील तेथें घांसून अस्तर व रंग द्यावा, पन्हळींत मेण फवारावें.

टवका रुपयाएवढा असतांना अर्ध्या तासाचें काम असतें. तोच ताटाएवढा झाला म्हणजे महिन्याचें होतें.

मूळ रूप व नोंदणी

ज्यांस गाडी जुन्या मोटारींच्या यादींत नोंदवावयाची आहे त्यांनीं एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राखलेली व चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी अथवा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. अशी गाडी नेहमींच्या किंवा धंद्याच्या वापरास मात्र काढतां येत नाहीं. तेव्हां शेतकामाची गाडी व जतनाची गाडी यांचा निर्णय आधींच करावा. दुरुस्ती करतांना चासीवरील क्रमांक घांसूं नये, रंगानें बुजवूं नये, आणि तळाचे जुने भाग काढण्यापूर्वीं त्यांचीं मापें व छायाचित्रें घेऊन ठेवावीं. नवा पत्रा मूळ आकाराचाच घडवावा; निचऱ्याचीं भोंकें जेथें होतीं तेथेंच पाडावीं. मूळ कारागिरांनीं तीं विचार करूनच ठेवलेलीं होतीं.

समारोप

वरील सर्व कृतीचा निष्कर्ष थोडक्यांत असा : कुजलेलें पुरतें काढावें, लोखंड स्वच्छ व कोरडें करावें, मग अस्तर, मग सांधेबंदी, मग रंग व शेवटीं पोकळींत मेण, आणि या सर्वांत पाण्याची वाट मोकळी राखावी. हा क्रम उलटला तर महाग द्रव्यें वापरूनहि फळ मिळत नाहीं. क्रम सांभाळला तर गांवचा वेल्डर, तारेचा ब्रश व दोन डब्यांचें अस्तर एवढ्यावर वडिलांच्या वेळची गाडी नातवांच्या पायाखालीं मजबूत राहील. ज्यांच्या गाडीचा तळ नुकताच डांबरानें काळा केलेला आहे, त्यांनीं येत्या दिवाळीनंतर एका कोपऱ्यांत तळहाताएवढें डांबर खरवडून पाहावें. खालचा पत्रा कोरडा निघाला तर उत्तमच. ओला निघाला तर पुढच्या मृगाची वाट न पाहतां कामास लागावें.